शुश्रूषा करणारे हात

अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध माणसाची सेवा ही बहुतांशीं हातांची सेवा असते. सकाळीं तोंड धुवावें, कवळी काढून घासावी, अंग पुसावें, कुशीवर वळवून पाठ पाहावी, भिजलेलीं वस्त्रें काढून कोरडीं घालावीं, आणि मग त्याच माणसाला चमच्यानें पेज भरवावी. हें सारें हातानेंच करावें लागतें. युरोप-अमेरिकेंत अशा वृद्धांसाठीं शुश्रूषागृहें आहेत. त्यांनाच तेथें नर्सिंग होम म्हणतात. (मुंबई-पुण्याकडे हें नांव लहानशा खाजगी रुग्णालयाला देतात, हा भेद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा.) तेथें एकच सेविका एका खाटेवरून दुसरीकडे आणि दुसरीवरून तिसरीकडे जात असते. दोन खाटांच्या मध्यें तिनें हात स्वच्छ करावे, असा आज सर्वत्र नियम आहे. नियम इतका साधा दिसतो कीं, त्याला कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांतहि येऊं नये. वस्तुतः त्याला इतिहास आहे, आणि तो शेंकडों स्त्रियांच्या मृत्यूंतून गेलेला आहे. वृद्धांच्या खाटेपाशीं तो पोंचला उशिरा. त्याचा आरंभ झाला बाळंतिणींच्या खाटेपाशीं, व्हिएन्ना शहरांत.

ऑस्ट्रियाच्या या राजधानींतील सार्वजनिक रुग्णालय सम्राट दुसरा जोसेफ यानें १७८४ सालीं उघडलें. तेथें गरीब स्त्रियांचें बाळंतपण फुकट होत असे. मोबदला एवढाच कीं, त्यांना तपासून शिकणारांनीं आपली विद्या शिकून घ्यावी. प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्या विभागांत वैद्यकीचे विद्यार्थी आणि दुसऱ्यांत सुईणपण शिकणाऱ्या स्त्रिया अशी वांटणी झाली. दाखल होणाऱ्या बायका पाळीपाळीनें एकदां इकडे व एकदां तिकडे पाठविल्या जात. जागा शेजारशेजारची, हवा एकच, अन्न एकच, आणि बायकाहि एकाच गरीब वर्गांतल्या. तरीहि १८४१ ते १८४६ या सहा वर्षांचा हिशेब पाहा: पहिल्या विभागांत २०,०४२ बाळंतपणें झालीं व १,९८९ बायका दगावल्या, दुसऱ्यांत १७,७९१ बाळंतपणें झालीं व ६९१ दगावल्या. म्हणजे डॉक्टरांच्या हातीं शेंकडा जवळजवळ दहा, आणि सुइणींच्या हातीं शेंकडा चाराहूनहि कमी! बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत थंडी वाजून ताप भरावयाचा, पोट फुगावयाचें, वेदनांनीं जीव कासावीस व्हावयाचा आणि थोडक्याच दिवसांत सर्व संपावयाचें. यालाच सूतिकाज्वर म्हणत.

पंडितांना न समजलेली ही गोष्ट शहरांतल्या गरीब बायकांना पुरती ठाऊक होती. पहिल्या विभागांत जावें लागणार असें कळतांच त्या गुडघे टेकून व हात जोडून विनवण्या करीत, 'आम्हांला दुसरीकडे घाला' म्हणून रडत. कित्येकींचें बाळंतपण रुग्णालयाच्या वाटेवर, रस्त्यांतच होत असे. आणि आश्चर्य असें कीं, रस्त्यांत बाळंत झालेल्या बायकांना हा ज्वर फारसा येत नसे.

इग्नात्झ झेमेलवाइस हा हंगेरियन तरुण डॉक्टर १८४६ च्या जुलैंत या पहिल्या विभागांत साहाय्यक म्हणून रुजू झाला. बुडा शहरांतील एका किराणा व्यापाऱ्याचा हा मुलगा, वय अठ्ठावीस. त्याच्यावरचे अधिकारी प्राध्यापक क्लाइन. त्या काळच्या शास्त्राप्रमाणें ज्वराचें कारण दूषित हवा. पण दूषित हवा भिंतीच्या एका बाजूला मारते आणि दुसऱ्या बाजूला सोडून देते, हें कसें? कोणी म्हणे गर्दी. तर गर्दी दुसऱ्या विभागांतच अधिक, कारण जी ती तिकडे जाण्यासाठीं धडपडे. कोणी म्हणे, मरणोन्मुख स्त्रीला अखेरचा संस्कार देण्यास जाणारा पाद्री घंटा वाजवीत खोल्यांमधून जातो, त्या भीतीनेंच बायका आजारी पडतात. झेमेलवाइसनें पाद्रीबोवांना आड वाटेनें व घंटेवांचून जाण्याची विनंति केली. फरक पडला नाहीं. सुइणी बायकांना कुशीवर बाळंत करीत, तसें त्यानेंहि करून पाहिलें. तरी फरक नाहीं. आज या प्रयोगांचें हसूं येईल. परंतु ज्याला खरोखर शोधावयाचें असतें तो हास्यास्पद वाटणारी शंकाहि तपासल्यावांचून टाकीत नाहीं; आणि एकेक कारण खोडीत जाण्याची ही रीति पाहिली म्हणजे हा माणूस पुढें कां जिंकला हें समजतें.

१८४७ च्या मार्चमध्यें तो व्हेनिसला थोडी विश्रांति घेऊन परतला, तों त्याचा स्नेही न्यायवैद्यकाचा प्राध्यापक कोलेच्का हा वारल्याची वार्ता कानीं आली. प्रेताची चिरफाड शिकवीत असतांना एका विद्यार्थ्याच्या सुरीची टोंच कोलेच्काच्या बोटाला लागली होती, एवढेंच निमित्त. त्याच्या शवाच्या तपासणीचे कागद झेमेलवाइसनें वाचले आणि तो चमकला. छातींत, पोटांत, सांध्यांत जें जें आढळलें होतें, तें तें त्यानें शेंकडों बाळंतिणींच्या देहांत स्वतः पाहिलेलें होतें. पुरुषाला सूतिकाज्वर कसा होईल? पण झाला होता. सुरीवरून प्रेताचा जो अंश कोलेच्काच्या रक्तांत शिरला, तोच अंश बाळंतिणींना कशानें मिळत होता? सुरीनें नव्हे, हातानें.

पहिल्या विभागांतले डॉक्टर व विद्यार्थी सकाळीं प्रेतगृहांत चिरफाड करीत आणि तेथून उठून बाळंतिणींना तपासावयास येत. सुइणी प्रेतांना शिवत नसत. सारें कोडें एवढ्यांत सुटलें. जुने आंकडे काढून पाहतां असें दिसलें कीं, १७८४ पासून १८२२ पर्यंत, जेव्हां चिरफाडीचा प्रघात नव्हता तेव्हां, याच रुग्णालयांत बाळंतिणींचें मरण शेंकडा सव्वा एवढेंच होतें. चिरफाडीचें शास्त्र वाढलें तसें मरण वाढलें. ज्ञानाची वृद्धि आणि मृत्यूची वृद्धि एकाच दारानें आंत यावी, हा प्रकार विलक्षण खरा. आणि सर्वांत दारुण भाग असा कीं, झेमेलवाइस स्वतः फार मेहनती. इतर प्रसूतिवैद्यांनीं क्वचितच केली असेल इतकी चिरफाड त्यानें केली होती. आपल्या हातून किती स्त्रिया अकालीं गेल्या हें एका परमेश्वरालाच माहीत, असें त्यानें पुढें आपल्या ग्रंथांत मोकळेपणानें कबूल केलें आहे.

हात ते धूत नव्हते असें मात्र नाहीं. साबणानें धूत असत. हात दिसावयास स्वच्छ दिसत. पण प्रेताचा वास कांहीं केल्या जात नसे. जंतूंची कल्पना झेमेलवाइसला नव्हती. त्याचें परीक्षायंत्र म्हणजे त्याचें नाक. वास उरतो त्याअर्थीं अंश उरतो, इतकेंच त्याचें अनुमान. मेच्या मध्यास त्यानें विभागाच्या दारापाशीं क्लोरीनच्या पाण्याचें भांडें ठेवलें, आणि त्यांत हात धुतल्यावांचून कोणींहि बाळंतिणीला शिवूं नये असा दंडक घातला. हें पाणी महाग पडतें असें दिसल्यावर त्यानें क्लोरीनचा चुना, म्हणजे हल्लींची ब्लीचिंग पावडर, वापरावयास घेतली. एप्रिलमध्यें ३१२ बाळंतपणांत ५७ मृत्यु झाले होते. जूनमध्यें २६८ त सहा झाले, जुलैंत २५० त तीन. पुढल्या सबंध वर्षांत, १८४८ सालीं, पहिल्या विभागांत ३,५५६ त ४५ आणि सुइणींच्या विभागांत ३,२१९ त ४३ मृत्यु झाले. दोन्ही विभाग बरोबरीला आले. त्या वर्षीं मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत पहिल्या विभागांत एकहि बाळंतीण दगावली नाहीं.

झेमेलवाइसची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक येथेंच थांबतात. वास्तविक शुश्रूषेच्या दृष्टीनें महत्त्वाची घटना यानंतर घडली.

१८४७ च्या ऑक्टोबरांत एक गरोदर स्त्री दाखल झाली. तिला गर्भाशयाचा कर्करोग होता व त्यांतून घाण स्राव वाहत होता. तिला जी खाट मिळाली ती पहिल्या क्रमांकाची. आणि तपासणीची फेरी सदैव त्या खाटेपासूनच सुरू होई. डॉक्टर व विद्यार्थी नियमाप्रमाणें दारापाशीं क्लोरीनमध्यें हात धुऊन आंत आले, पहिल्या खाटेवरील या स्त्रीला त्यांनीं तपासलें, मग नुसत्या साबणपाण्यानें हात धुऊन ते दुसऱ्या खाटेकडे गेले, तेथून तिसऱ्या. त्या खोलींत तेव्हां बाळंत झालेल्या सुमारें बारा स्त्रियांपैकीं अकरा मेल्या.

येथें प्रेताचा संबंध नव्हता. दंडक मोडला गेला नव्हता. उलट अक्षरशः पाळला गेला होता. चूक दंडकांतच होती. जिवंत आजाऱ्याच्या अंगावरूनहि तोच अंश हाताला लागतो, आणि दारांतलें एकदांचें धुणें पुढच्या खाटांना पुरत नाहीं, ही गोष्ट झेमेलवाइसला अकरा जीव गेल्यावर कळली. मग त्यानें खाटेगणिक धुण्याचा आग्रह धरला. पुढच्याच महिन्यांत गुडघ्याचें हाड सडलेली एक स्त्री आली, आणि पुन्हां तसाच अनर्थ ओढवला. तेव्हां अशा रोग्यांस निराळें ठेविलें पाहिजे, हेंहि त्यानें ठरविलें. पुढें पेस्ट शहरांत प्राध्यापक झाल्यावर तर नीट न धुतलेल्या चादरी बाळंतिणींच्या खाटांवर घातल्या जातात आणि त्यांमुळें ज्वर येतो, हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि अधिकाऱ्यांशीं त्याचें भांडण जुंपलें. हात, रोगी आणि अंथरूण: आजच्या शुश्रूषागृहांत ज्या तीन गोष्टींवर नजर ठेवतात, त्या तिन्ही त्या दहा-अकरा वर्षांत त्याच्या हिशेबीं जमा झाल्या होत्या.

इतके स्वच्छ आंकडे पुढें असतां जगानें तें मानलें कां नाहीं? झेमेलवाइसचा स्वतःचा दोष यांत होताच. श्कोडा, रोकितान्स्की, हेब्रा अशा नामांकित मित्रांनीं त्याची बाजू घेतली. परंतु त्यानें स्वतः लिहावयास दिरंगाई केली. व्हिएन्नांतील वैद्यसभेपुढें तो बोलला १८५० सालीं, आणि ग्रंथ छापला १८६१ सालीं. पुढें विरोधकांना उघडीं पत्रें लिहून त्यानें त्यांना खुनी म्हणावयासहि कमी केलें नाहीं. अशानें शत्रु वांचतात, मित्र थकतात. त्याची नेमणूक तर १८४९ सालींच संपली व ती वाढवून मिळाली नाहीं. तथापि खरा अडथळा निराळा होता. 'रोग तुझ्या हातानें जातो' हें वाक्य डॉक्टरला ऐकवत नव्हतें. अमेरिकेंत ऑलिव्हर वेंडेल होम्स यानें १८४३ सालींच असा सिद्धांत मांडला होता. त्यावर फिलाडेल्फियाच्या मेग्ज नांवाच्या प्राध्यापकानें उत्तर दिलें त्याचा आशय असा, कीं डॉक्टर सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात. (याच फिलाडेल्फियांत पुढें १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांनीं वैद्यकीची पदवी घेतली.) महाराष्ट्रांतील वाचकांनीं मेग्जसाहेबांना फार हसूं नये. सोंवळें नेसलेला हात स्वच्छच असतो ही समजूत इकडील घरांतहि कांहीं थोडकी नांदली नाहीं. डोळ्यांना स्वच्छ, मानानें स्वच्छ आणि रोग न नेणारा, हे तीन हात निराळे आहेत. ज्यानें ही गोष्ट मनापासून मानली त्याची दशा काय झाली, तेंहि पाहावें. कील येथील प्राध्यापक मिखाएलिस यानें आपल्याकडे क्लोरीनचें धुणें सुरू केलें; पण आपण तपासलेली आपलीच एक आप्त स्त्री ज्वरानें गेली, ही टोंचणी त्याला सोडीना, आणि १८४८ सालीं त्यानें आगगाडीखालीं जीव दिला.

झेमेलवाइसचा शेवटहि असाच आहे. १८६५ च्या जुलैअखेर, त्याची बुद्धि ढळली असें पाहून, त्याला फसवून व्हिएन्ना येथील वेड्यांच्या आश्रयगृहांत नेण्यांत आलें. तेथें त्याला बळजबरीनें आवरण्यांत आलें. अंगावरच्या जखमा चिघळल्या, विष रक्तांत भिनलें, आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. म्हणजे जो रोग त्यानें जन्मभर शोधला त्याच जातीच्या रोगानें, आणि तोहि एक असहाय रुग्ण म्हणून, ज्यांच्यावर त्याची काळजी सोंपविलेली होती त्यांच्या हातीं. त्याच्या आदल्याच दिवशीं, १२ ऑगस्टला, ग्लासगो येथें जोसेफ लिस्टरनें एका अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायाची जखम कार्बोलिक अॅसिडनें बांधली. मुलगा बरा झाला. पुढें १८७९ सालीं पाश्चरनें पॅरिसच्या वैद्यसभेंत फळ्यावर मण्यांच्या माळेसारखे जंतु काढून, सूतिकाज्वराचे जनक ते हेच, असें दाखविलें. नाकानें ओळखलेला अंश डोळ्यांना दिसला.

परिचारिकांच्या शिस्तींत ही गोष्ट मात्र निराळ्या वाटेनें आली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल जंतूंचा सिद्धांत प्रथम मानीत नसत. तरीहि शुश्रूषेवरील आपल्या छोट्या पुस्तकांत, परिचारिकेनें दिवसांतून पुष्कळ वेळां हात धुवावे, असें त्यांनीं १८६० च्या सुमारास लिहिलें. रबरी हातमोज्यांची जन्मकथाहि गंमतीची आहे. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत शस्त्रवैद्य हॅलस्टेड यांच्या हाताखालीं कॅरोलाइन हॅम्प्टन नांवाची परिचारिका होती. जंतुनाशक पाऱ्याच्या औषधानें तिच्या हातांची कातडी सोलून निघे, म्हणून १८८९-९० च्या हिंवाळ्यांत हॅलस्टेडनें तिच्यासाठीं पातळ रबरी मोजे करवून घेतले. आणि १८९० सालीं तिच्याशींच विवाह केला. मोजे निघाले ते रोग्यासाठीं नव्हे, सेविकेच्या हातांसाठीं. तोच भाव पुष्कळांच्या मनांत आजहि टिकून आहे. मोजे घातले कीं आपण सुरक्षित, मग त्याच मोज्यांनीं एकाचें अंग पुसून दुसऱ्याला घांस भरविला तरी चालेल, अशी चूक होते. पहिल्या खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे गेलेला मोजा आणि ऑक्टोबर १८४७ मधला तो साबणानें धुतलेला हात, यांत फरक काय?

विसाव्या शतकांत नवनवीं जंतुनाशक औषधें निघालीं. कारण सर्वांना ठाऊक झालें, पण हात धुणें सर्वांना जमलें असें मात्र झालें नाहीं. जिनीव्हा येथील विद्यापीठाच्या रुग्णालयांत दिदिए पिते या डॉक्टरनें १९९४ सालीं माणसें बसवून प्रत्यक्ष मोजदाद केली. हात स्वच्छ करावयास हवे अशा शंभर प्रसंगांपैकीं अठ्ठेचाळीस प्रसंगींच ते केले जात होते. सुशिक्षित, कळकळीचे, जंतुशास्त्र शिकलेले लोक असें कां करतात? पितेनें त्यांना दोष न देतां वेळेचा हिशेब मांडला. अत्यवस्थ रोग्यांजवळच्या परिचारिकेला तासांत वीसहून अधिक वेळां हात धुण्याचा प्रसंग येतो. तोटीपर्यंत जाऊन धुऊन पुसून परत यावयास एक ते दीड मिनिट लागतें. म्हणजे तासांतला अर्धा वेळ तोटीपाशीं जावयाचा! यास्तव त्यानें मद्यार्काचें पाणी बाटलींत भरून खाटेपाशींच ठेविलें. वीस-तीस सेकंद हातांवर चोळलें कीं पुरे. १९९७ पर्यंत अठ्ठेचाळिसांचे सहासष्ट झाले, आणि रुग्णालयांत लागण झालेल्या रोग्यांचें प्रमाण शेंकडा १६.९ वरून ९.९ वर आलें. त्या अहवालांत एक वाक्य असेंहि आहे कीं, सुधारणा परिचारिकांत झाली. डॉक्टर मागेंच राहिले. दीडशें वर्षांनंतर, पुन्हां पहिला विभाग आणि दुसरा विभाग!

जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं हात स्वच्छ करण्याचे पांच प्रसंग ठरवून दिले: रोग्याला शिवण्यापूर्वीं, जखम, मूत्रनलिका इत्यादिकांचें निर्जंतुक काम करण्यापूर्वीं, मलमूत्र, रक्त यांचा संपर्क घडल्यावर, रोग्याला शिवल्यावर, आणि रोग्याला न शिवतांहि त्याच्या खाटेला, टेबलाला, पांघरुणाला हात लागल्यावर. २०१२ सालीं याच संघटनेनें घरगुती शुश्रूषा व वृद्धांचीं निवासगृहें यांकरितां निराळी पुस्तिका काढली, कारण तेथील प्रश्न रुग्णालयासारखा सरळ नाहीं. वृद्धांचें तें घरच असतें. ते एकमेकांच्या खोलींत जातात, एका पंक्तीला जेवतात, सेविकेचा हात हातांत घेऊन बसतात. म्हातारपणीं अंगांतली प्रतिकारशक्ति मंदावलेली, कातडी कागदासारखी पातळ, पाठीवर शय्याव्रण. तरुणाला दोन दिवस त्रास देऊन जाणारें दुखणें तेथें प्राण घेऊन जातें. आणि सारेंच काम स्पर्शाचें असल्यामुळें स्पर्श टाळून भागत नाहीं. नुसत्या गप्पा मारतांना खांद्यावर ठेवलेला हात आणि ओलें वस्त्र बदलणारा हात यांत सेविकेला भेद करावा लागतो, तोहि दिवसांतून अनेकवार, आणि बहुधा एकटीनें. जिनीव्हाच्या परिचारिकेइतकी माणसांची मदत तिला क्वचितच मिळते.

खाटेपाशींची बाटली तिला फार उपयोगी पडते. पण तीहि सर्वत्र चालत नाहीं. हातांना मळ दिसत असेल तर मद्यार्क व्यर्थ आहे. अशा गृहांत वांतिजुलाबाची सांथ येते तेव्हां त्या विषाणूंवर मद्यार्काची मात्रा कमी पडते. आणि अतिसाराच्या कांहीं जंतूंचीं बीजें तर मद्यार्कानें मरतच नाहींत, तीं वाहत्या पाण्याबरोबर घासून काढावीं लागतात. अशा वेळीं सेविकेनें मोजे काढून टाकावयाचे, आणि पुढच्या खाटेकडे वळण्यापूर्वीं तोटीखालीं साबणानें बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोंकें आणि मनगट घासून चाळीस ते साठ सेकंद हात धुवावयाचे. त्यासाठीं ती तोटी खाटेपासून फार दूर असतां कामा नये.